फुप्फुसाचा कॅन्सर डोक्यात गेला, तो कुणाच्या चुकीने?

पत्र: आईचं वय ५८. तिने आयुष्यात कधी तंबाखूला हात लावला नाही. मागच्या वर्षी खोकला जाईना म्हणून तपासण्या केल्या, तर उजव्या फुप्फुसात अ‍ॅडिनोकार्सिनोमा निघाला. रिपोर्टमध्ये ईजीएफआर (गाठीच्या पेशींतल्या एका जनुकातला बदल) पॉझिटिव्ह आलं म्हणून गेफिटिनिबची रोज एक गोळी सुरू झाली. चार महिन्यांत गाठ निम्म्यावर आली, खोकला थांबला, आई पुन्हा स्वयंपाकघरात उभी राहिली. गेल्या महिन्यातला पेट स्कॅनही चांगला होता. आणि आता पंधरवड्यात डावा हात लुळा पडल्यासारखा झालाय, हातातून वाटी सुटते, सकाळी उठल्या उठल्या डोकं भयंकर दुखतं. एमआरआयमध्ये मेंदूत तीन गाठी दिसल्या. आईची चिडचिड वाढलीय, रात्र-रात्र जागते. दादा म्हणतो, बायॉप्सीची सुई टोचली तेव्हाच पसरला. मला वाटतं पेट स्कॅन नीट वाचलाच नाही. मामांची ताकीद आहे की आईला काही सांगायचं नाही. हा दुसरा कॅन्सर आहे का? गोळी चालू असताना असं झालंच कसं? पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी बोलावलंय, तिथे काय विचारू?
– एक मुलगी, डोंबिवली

ताई,

तुमच्या घरात सध्या तीन आरोपी आहेत: सुई, पेट स्कॅन वाचणारे डॉक्टर आणि रोजची गोळी. पहिले दोघे निर्दोष आहेत. गोळीची गोष्ट वेगळी आहे. ती कामाला कमी पडली हे खरं, पण फुप्फुसात नव्हे, मेंदूत. हा फरक तुम्ही नीट समजून घेतलात तर पुढच्या आठवड्यात काय विचारायचं ते आपोआप सुचेल, म्हणून आज त्यावरच जरा सविस्तर लिहिते. माझं आयुष्य पॅथॉलॉजीत गेलं, माणसांपेक्षा त्यांच्या पेशींशी संबंध जास्त. कोणतं औषध द्यायचं ते तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टनीच ठरवायचं. आजार तिथवर पोचला कसा, एवढं मात्र मी सांगू शकते.

आधी दुसऱ्या कॅन्सरची शंका. हा दुसरा कॅन्सर नाही. मेंदूत ज्या गाठी दिसताहेत त्या मेंदूच्या पेशींच्या नाहीत, फुप्फुसाच्याच पेशींच्या आहेत. अशा गाठीचा तुकडा आमच्याकडे आला की आम्ही त्यावर टीटीएफ-१ नावाच्या प्रथिनाची तपासणी करतो. हे प्रथिन फुप्फुसाच्या अस्तराच्या पेशींत सापडतं आणि फुप्फुसाच्या अ‍ॅडिनोकार्सिनोमात बहुतेक वेळा पॉझिटिव्ह येतं. मेंदूत बसलेली पेशीसुद्धा आपली ही ओळख सहसा सोडत नाही. तुमच्या आईच्या बाबतीत मूळ आजार माहीत आहे आणि गाठी तीन आहेत, त्यामुळे नुसत्या खात्रीसाठी कवटी उघडण्याची गरज बहुधा कुणाला वाटणार नाही. मी हे मुद्दाम सांगतेय, कारण रात्री फोनवर ‘मेंदूचा कॅन्सर’ असं शोधलंत तर ग्लिओब्लास्टोमाचे आकडे समोर येतील. तो वेगळा आजार आहे आणि ते आकडे तुमच्या आईचे नाहीत.

आता वाटेकडे वळू. आपल्या बहुतेक अवयवांतून परतणारं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं आणि तिथून फुप्फुसांत जातं. आतड्यांचं रक्त तर त्याआधी यकृतातून फिरून येतं. म्हणजे आतड्याच्या गाठीतून सुटलेल्या पेशीला आधी यकृताच्या आणि मग फुप्फुसाच्या केशवाहिन्यांमधून निभावून जावं लागतं, आणि बऱ्याच पेशी तिथेच अडकतात. फुप्फुसातून निघालेल्या पेशीला यातला एकही टप्पा लागत नाही. फुप्फुसाच्या शिरेतून थेट हृदयाची डावी बाजू, तिथून महाधमनी आणि महाधमनीच्या पहिल्याच फाट्यांमधून मान आणि डोकं. सगळा प्रवास काही सेकंदांचा. त्यात मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा १५ ते २० टक्के वाटा तो घेतो. मेंदूत पसरणाऱ्या कॅन्सरांमध्ये फुप्फुसाचा पहिल्या क्रमांकावर आहे, त्यामागे एक कारण ही रक्ताची वाट आहे.

पोचलेली पेशी अडकते कुठे, हेही बरंचसं मोजमापाचं काम आहे. कॅन्सरची पेशी १५-२० मायक्रॉनची असते, मेंदूची केशवाहिनी ५ ते ८ मायक्रॉनची. करडा आणि पांढरा भाग जिथे मिळतो तिथे रक्तवाहिन्या एकदम अरुंद होतात, त्यामुळे बऱ्याच गाठी तिथेच सापडतात. एमआरआयचा रिपोर्ट पुन्हा काढून बघा, ‘ग्रे-व्हाइट जंक्शन’ असे शब्द त्यात बहुधा असतील. आणि डावा हात लुळा पडतोय म्हणजे एक गाठ उजव्या अर्ध्या मेंदूत, हाताची हालचाल चालवणाऱ्या भागाच्या आसपास असणार, कारण डाव्या अंगाचा कारभार उजवा मेंदू बघतो. हात स्वतः धडधाकट आहे. सूज उतरली की ताकद बऱ्याच अंशी परत येऊ शकते, आणि हे तुमच्या आईला आजच सांगण्यासारखं आहे.

पण नुसती रक्ताची वाट धरली तर हिशेब जुळत नाही. मूत्रपिंडांनाही मेंदूइतकं किंवा जास्तच रक्त मिळतं, तरी फुप्फुसाचा कॅन्सर तिकडे फारसा जात नाही. उलट मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या, आकाराने अगदी किरकोळ अशा अ‍ॅड्रिनल ग्रंथींत तो बऱ्याचदा सापडतो. हा विचित्रपणा लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ सालीच हेरला होता. स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी चाळून त्यांनी म्हटलं, बी सगळीकडे उडतं, उगवतं मात्र मानवेल त्या जमिनीतच. पुढे १९२८ मध्ये अमेरिकेचे जेम्स यूइंग म्हणाले, जमीन वगैरे काही नाही, सगळा रक्ताभिसरणाचा खेळ. पॅथॉलॉजीवाले अजून या दोघांवरून वाद घालतात. माझ्या मते फुप्फुस आणि मेंदू यांच्या बाबतीत दोघांनाही निम्मे-निम्मे गुण द्यावेत.

जमीन न मानवणं म्हणजे काय, त्याची कल्पना आयझाया फिडलर यांच्या १९७० च्या प्रयोगावरून येते. त्यांनी किरणोत्सारी खूण केलेल्या कॅन्सरच्या पेशी उंदरांच्या शिरेत सोडल्या. चोवीस तासांनी हजारात जेमतेम एक पेशी जिवंत होती, आणि गाठ धरणाऱ्या तर त्याहूनही कमी. २०१० मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी उंदराच्या कवटीत काचेची खिडकी बसवून हेच मेंदूत प्रत्यक्ष पाहिलं. पेशीला आधी रक्तवाहिनीच्या फाट्यावर अडकावं लागतं, मग भिंतीतून बाहेर पडावं लागतं, बाहेर पडल्यावरही त्या रक्तवाहिनीला चिकटूनच राहावं लागतं आणि मग वाढ सुरू करावी लागते. यातला एक टप्पा चुकला की पेशी मेली. तुमच्या आईच्या मेंदूत तीन गाठी दिसतात त्यामागे अशा किती पेशी येऊन मेल्या असतील त्याची गणती नाही.

मेंदू त्यांना मारतो कसा, तेही कळलंय. चेतापेशींना सांभाळणाऱ्या तारकाकृती पेशी असतात, त्यांना अ‍ॅस्ट्रोसाइट म्हणतात. परकी पेशी दिसली की त्यांच्यामुळे प्लाझमिन नावाचं एन्झाइम तयार होतं. ते दोन कामं करतं: परक्या पेशीच्या मरणाचा संदेश मोकळा करतं आणि रक्तवाहिनीला धरून राहण्यासाठी ती जे एल१सीएएम नावाचं प्रथिन वापरते ते कापून टाकतं. बहुतेक पेशी इथेच संपतात. काही मात्र सर्पिन गटाची प्रथिनं बनवून प्लाझमिनलाच निकामी करतात. त्यातलं एक न्यूरोसर्पिन. हे प्रथिन एरवी मेंदूच्या चेतापेशी स्वतःच्या रक्षणासाठी बनवतात. फुप्फुसातून आलेली पेशी मेंदूच्या पेशीचंच कवच घालते! न्यूयॉर्कच्या जोआन मासागे यांच्या प्रयोगशाळेने २०१४ मध्ये फुप्फुस आणि स्तन, दोन्हीच्या कॅन्सरमध्ये हे दाखवलं. दोन वर्षांनी त्याच प्रयोगशाळेने आणखी एक गोष्ट मांडली. एवढ्यातून तगलेल्या पेशी पुढे त्याच अ‍ॅस्ट्रोसाइटशी जोडणी करतात, तिच्यातून एक रेणू आत सरकवतात, आणि मारायला आलेली अ‍ॅस्ट्रोसाइट त्यांच्या वाढीला मदत करणारी द्रव्यं सोडू लागते. मी निवृत्त झाले तरी हे वाचताना आजही चकित होते. (स्मॉल सेल नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या फुप्फुसाच्या कॅन्सरात पेशी चेतापेशींशी चक्क सायनॅप्स, म्हणजे संदेश देण्याघेण्याचे सांधे, बांधतात असं २०२५ मध्ये दिसलं. तुमच्या आईचा तो प्रकार नाही.)

आता गोळीकडे येते. इथे मात्र सावकाश वाचा.

मेंदूच्या केशवाहिन्या शरीरातल्या इतर केशवाहिन्यांसारख्या नसतात. त्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात, बाहेरून अ‍ॅस्ट्रोसाइटचे पाय त्यांना वेढून बसलेले असतात, आणि एवढ्यावरही काही आत शिरलंच तर ते परत रक्तात फेकणारे पंप भिंतीत असतात. यातला सर्वांत कामसू पंप म्हणजे पी-ग्लायकोप्रोटीन. या सगळ्याला ब्लड-ब्रेन बॅरियर म्हणतात. १८८५ मध्ये पॉल एर्लिख यांनी प्राण्याच्या रक्तात रंग सोडला, तेव्हा सगळे अवयव रंगले आणि मेंदू तेवढा कोरा राहिला. त्याचं कारण ही व्यवस्था, हे मात्र पुढे कळलं. तिच्यामुळेच रक्तातले सगळे विषारी पदार्थ आपल्या डोक्यात जात नाहीत. आणि तिच्यामुळेच बरीच औषधंही जात नाहीत.

गेफिटिनिब रक्तात जेवढं असतं, त्याच्या अगदी थोडक्या टक्क्यांएवढंच मेंदूभोवतीच्या द्रवात पोचतं. फुप्फुसात गोळी पुरेशी पोचत होती, म्हणून तिथली गाठ निम्मी झाली. मेंदूत कदाचित सुरुवातीपासूनच मूठभर पेशी होत्या, त्यांना औषधाचा जेमतेम शिडकावा मिळत राहिला. म्हणजे गोळी चालू असताना आजार ‘हुशार’ झाला असंच काही नाही. फुप्फुसात आजार काबूत आणि वाढ फक्त मेंदूत, हे चित्र गेफिटिनिबवर असलेल्या रुग्णांमध्ये डॉक्टरांना चांगलं परिचयाचं आहे.

तुम्ही म्हणाल, एमआरआयमध्ये गाठी चमकल्या म्हणजे भिंत फुटलीच असणार. शंका रास्त आहे. एमआरआयला शिरेतून गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट देतात. शाबूत भिंतीतून ते मेंदूत शिरत नाही, गाठीच्या गळक्या रक्तवाहिन्यांतून शिरतं, म्हणून गाठ पांढरी दिसते. पण ही गळती सगळीकडे सारखी नसते. गाठीच्या मध्यावर भिंत गळकी असली तरी कडेला ती बरीच शाबूत असते, आणि एमआरआयला न दिसणाऱ्या बारीक ठिपक्यांभोवती तर ती जवळजवळ पूर्ण असते. औषध नेमकं तिथेच कमी पडतं.

यातूनच पेट स्कॅनचा उलगडा होतो. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी खूण लावलेली साखर देतात आणि जिथे ती जास्त खपते तिथे कॅन्सर शोधतात. आता मेंदू हा शरीरातला पहिल्या नंबरचा साखरखाऊ. एकूण ग्लुकोजपैकी पाचवा हिस्सा तो एकटा फस्त करतो. त्यामुळे पेट स्कॅनवर निरोगी मेंदूसुद्धा सगळाच्या सगळा उजळलेला दिसतो आणि छोट्या गाठी त्यात हरवून जातात. स्कॅन वाचणाऱ्याची चूक नाही, त्या तपासणीची ती मर्यादाच आहे. अशा आजारात सुरुवातीलाच मेंदूचा एमआरआय करून ठेवलेला बरा, आणि तो झाला नसेल तर ‘का नाही झाला’ असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे. विचारा, पण त्यात पुढच्या आठवड्याची भेट खर्ची घालू नका. वर्षापूर्वीचा एमआरआय कोराही आला असता.

सुईबद्दल दादांना दोन गोष्टी सांगा. सुईच्या वाटेवर, म्हणजे छातीच्या भिंतीत, पेशी सांडणं शक्य असतं, पण ते फार क्वचित घडतं. मेंदूत जाणाऱ्या पेशी रक्तातून जातात, आणि गाठ त्या सुई लागण्याच्या कितीतरी आधीपासून रक्तात सोडत असते. दुसरी गोष्ट, त्या सुईनेच ईजीएफआर सापडलं. ते सापडलं नसतं तर आई केमोथेरपीवर असती आणि तुमचे डॉक्टर आज बरेच हतबल असते. ‘सुई लावली की कॅन्सर उधळतो’ ही समजूत आपल्याकडे फार खोल आहे. तिच्यापायी लोक बायॉप्सी टाळतात आणि उपचाराची वेळ घालवून बसतात. मी हे वर्षानुवर्षं पाहिलंय आणि यावर माझा सूर चढतो, तो दादांनी समजून घ्यावा.

तंबाखू नाही तर कॅन्सर कसा, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण शेजारीपाजारी विचारत असतीलच. टाटा मेमोरियलने आपल्या रुग्णांचा जो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला त्यात निम्म्याच्या आसपास रुग्ण कधीही धूम्रपान न केलेले होते. ईजीएफआरचा बदल अशाच लोकांत, विशेषतः स्त्रियांत, जास्त सापडतो. आणि या प्रकारात मेंदूत पसरण्याचं प्रमाणही जास्त असतं. आईने काही केलं म्हणून हे झालेलं नाही.

आता डॉक्टरांची भेट. पहिला प्रश्न असा विचारा: “मेंदूत नीट पोचणारं औषध आईला देता येईल का?” ऑसिमर्टिनिब हे त्याच कुळातलं पुढच्या पिढीचं औषध आहे. जुन्या गोळ्यांना दाद न देण्यासाठी पेशींत जो टी७९०एम नावाचा बदल होतो, त्यावरही ते चालतं आणि मेंदूतही बरंच चांगलं पोचतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्लॉरा चाचणीत ज्या रुग्णांच्या मेंदूतल्या गाठी मोजण्याइतक्या मोठ्या होत्या, त्यांपैकी ऑसिमर्टिनिबवर ९१ टक्के जणांच्या गाठी आकसल्या, जुन्या गोळ्यांवर ६८ टक्के जणांच्या. अशा गाठी असलेले रुग्ण त्यात थोडेच होते, आणि ते सगळे पहिल्यांदाच औषध घेणारे होते, हे मात्र लक्षात ठेवा. तुमच्या आईने वर्षभर गेफिटिनिब घेतलंय, तेव्हा डॉक्टर कदाचित रक्तातून टी७९०एम तपासतील. तो निगेटिव्ह आला तर घाबरू नका. आजार फक्त मेंदूत वाढतो तेव्हा हा बदल तसाही कमी वेळा सापडतो. पेशींना औषध पुरेसं भेटलंच नाही, तर त्यांना बदलायची गरज काय? निकाल निगेटिव्ह आला तर पुढचा बेत काय, एवढं तिथल्या तिथे विचारून घ्या.

औषध महाग आहे. २०२४ च्या अर्थसंकल्पात त्यावरची कस्टम्स ड्युटी माफ झाली, तरी मध्यमवर्गीय घराला ते सहज झेपत नाही. रुग्णालयातल्या मेडिकल सोशल वर्करला भेटल्याशिवाय किमतीवरून नाही म्हणू नका. सवलतीच्या योजना कोणत्या चालू आहेत ते त्यांना माहीत असतं. किरणोपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतात का, ते आरोग्यमित्राला विचारा.

दुसरा प्रश्न किरणांचा. तीनच गाठी असतील तर बहुधा स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरीचा विषय निघेल. गामा नाईफ, सायबरनाईफ अशी नावं ऐकून आई घाबरेल, पण त्यात सुरी कुठेच नाही. बारीक किरण अनेक दिशांनी नेमक्या गाठीवर एकवटतात, एक ते पाच बैठकांत काम होतं आणि बाकीचा मेंदू बराचसा वाचतो. जपानमधल्या ११९४ रुग्णांच्या अभ्यासात (२०१४) पाच ते दहा गाठींवर हा उपचार केलेले रुग्ण दोन ते चार गाठीवाल्यांएवढेच जगले, त्यामुळे ‘एकापेक्षा जास्त आहेत म्हणजे संपलंच’ हे जुनं झालं. संपूर्ण मेंदूला किरण द्यायचं कुणी सुचवलं तर का, ते शांतपणे विचारा. त्याची कारणं असू शकतात, पण त्याने स्मरणशक्तीवर परिणाम होतो. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या ५३८ फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर झालेल्या क्वार्ट्झ चाचणीत (२०१६), जे ऑपरेशन किंवा रेडिओसर्जरीला योग्य नव्हते अशांना त्या किरणांचा फारसा फायदाही दिसला नव्हता. एखादी गाठ मोठी असेल आणि दाब टाकत असेल तर ऑपरेशन हा पर्याय आजही उत्तम आहे.

किती दिवस, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण ओळींच्या मधून ते वाचता येतं. अंदाज बांधायला डॉक्टर वय, रोजची हालचाल, मेंदूतल्या गाठींची संख्या, छातीबाहेर इतरत्र पसरलाय का आणि ईजीएफआर किंवा एएलके हा बदल आहे का, अशा पाच गोष्टींचा गुणांक काढतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत सर्वांत कमी गुणांच्या गटातले निम्मे रुग्ण जेमतेम ७ महिने जगले होते, सर्वांत जास्त गुणांच्या गटातले निम्मे रुग्ण जवळजवळ ४ वर्षं किंवा त्याहून अधिक. ५८ वय, तीन गाठी, ईजीएफआर पॉझिटिव्ह आणि स्वतः चालती-फिरती, एवढ्यावरून आई खालच्या गटात बसत नाही. वरच्या गटात बसते का, ते छातीबाहेर काय आहे त्यावर ठरेल. याहून जास्त मी दुरून सांगणार नाही.

आईची चिडचिड वाढलीय आणि ती रात्र-रात्र जागते असंही तुम्ही लिहिलंत. ती ‘आजाराने बदलली’ असं ठरवण्याआधी गोळ्यांची पट्टी बघा. सूज उतरवायला डेक्सामेथासोन दिलं असणार. डोकेदुखी त्याने एक-दोन दिवसांत हलकी होते, पण झोप उडते, रक्तातली साखर चढते, भूक खवळते. ते सकाळी, खाऊन घ्यायचं, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही. आकडीसाठी लेव्हेटिरॅसिटाम चालू असेल तर त्यानेही माणूस चिडचिडा होतो. डॉक्टरांना सांगितलं तर त्यावर उपाय निघतो. आणि दुसऱ्या कुणी आकडीसाठी फेनिटॉइन लिहून दिलं तर ऑन्कॉलॉजिस्टना कळवल्याशिवाय सुरू करू नका, त्याने ऑसिमर्टिनिबची रक्तातली पातळी घसरते.

घरात कुणाला आकडी कधी पाहायला मिळाली नसेल तर आधीच ठरवून ठेवा. आईला कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा किंवा बोट घालायचं नाही, हात-पाय दाबून धरायचे नाहीत, कांदा नाही, चप्पल नाही. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एकामागून एक येऊ लागली, तर रुग्णालय गाठायचं. पहिलीच आकडी असेल तर थांबली तरी त्याच दिवशी दाखवायचं.

मामांच्या ताकिदीबद्दल. त्यांचा हेतू चांगला आहे, पण तो निभणार नाही. ज्या बाईच्या स्वतःच्या हातातून वाटी सुटतेय, जिला एमआरआयच्या यंत्रात घातलं, जिच्या डोक्यावर किरणांसाठी मास्क बसवणार आहेत, तिला काहीच कळणार नाही असं समजणं म्हणजे तिला कमी लेखणं. शिवाय उपचाराला संमती तिची लागते. सगळं एका दमात सांगायची गरज नाही. “आई, तुला काय वाटतं, हात असा का झाला असेल?” असं विचारा आणि ती काय म्हणते ते ऐका. बऱ्याचदा पेशंटला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं आणि ती आपल्याला जपत असते. ती म्हणाली की मला आकडे सांगू नका, तर सांगू नका. ठरवू द्या मात्र तिलाच. मामांना त्या वेळी समोर बसवा, म्हणजे नंतर कुणी कुणावर ढकलणार नाही.

याच भेटीत पॅलिएटिव्ह केअरच्या विभागात नाव नोंदवा. नाव ऐकून दचकू नका, शेवटच्या दिवसांचा तो वॉर्ड नव्हे. २०१० मध्ये बॉस्टनला फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, ज्यांना ही सेवा पहिल्यापासून मिळाली ते जास्त बऱ्या मनःस्थितीत राहिले आणि सरासरी अडीच-पावणेतीन महिने जास्त जगलेही. डोकेदुखी, झोप, मळमळ, घरातल्यांची दमछाक, या सगळ्यासाठी तिथे ऐकून घेणारं माणूस असतं.

राहिला गणपतीला गुहागरला जाण्याचा आईचा हट्ट, जो तुम्ही पत्राच्या मागच्या पानावर जाता जाता लिहिलात. सूज काबूत असेल, आकडी आलेली नसेल आणि किरणांच्या तारखा मध्ये येत नसतील तर माझ्याकडून नाही नाही. डॉक्टरांना तारखा सांगूनच परवानगी घ्या. रेल्वेचं खालचं बर्थ मिळालं तर रस्त्याने जाऊ नका, खड्ड्यांत डोकं हलून आईला त्रास होईल. एमआरआयच्या सीडीची प्रत आणि डिस्चार्ज कार्ड जवळ ठेवा, गोळ्या चार दिवस जास्तीच्या घ्या, आणि चिपळूणमध्ये सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय कोणतं ते निघण्याआधी फोन करून बघा. हरतालिकेचा निर्जळी उपास मात्र या वर्षी नाही. डेक्सामेथासोन रिकाम्या पोटी चालत नाही. वहिनीने उपास धरावा आणि आईने पूजेला बसावं.